सकाळी न लागलेला ब्रेक

१

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा घरातले फोन वायरीला बांधलेले असत, गाडीच्या काचा हाताने फिरवून खाली कराव्या लागत, आणि बाईमाणूस गाडी चालवताना दिसलं की रस्त्यावरची चार डोकी हमखास मागे वळत. त्या वर्षी थंडी अशी पडली होती की सकाळी नळाला हात लावायची छाती होत नसे.

अशाच एका शुक्रवारी सकाळी धाकटीची निळी गाडी गल्लीच्या उतारावरून खाली आली आणि वळणावर थांबायची सोडून थेट तिथल्या शेजाऱ्यांच्या, गल्ली ज्यांना कुंड्यावाले म्हणे त्यांच्या, पायऱ्यांवर चढली.

थोरली केस विंचरायचे तसेच सोडून धावत सुटली. बघते तो गुलाबाच्या कुंड्यांचा चुराडा, मातीचा सडा, आणि त्यात नाक खुपसून उभी असलेली गाडी. धाकटी आत बसलेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, तोंड पांढरंफटक.

"लागलं का गं?"

"नाही. ताई, मी ब्रेक दाबला. पाय असा दगडावर ठेवल्यासारखा झाला. मी जीव खाऊन दाबतेय, आणि गाडी आपली चाललीच आहे."

कुंड्यावाले लुंगीवरच, गळ्याला मफलर गुंडाळून दारात उभे. "बाई, रस्ता त्या बाजूला आहे! ही माझी पायरी आहे!"

दोघी बहिणी उताराच्या वरच्या टोकाला एका घरात राहत. थोरली नुकतीच निवृत्त झालेली. आयुष्यभर कोर्टात लघुलेखिका होती, साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं उतरवायची. धाकटी घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाला नुसता धीर. तिचे रुग्ण शहरभर पसरलेले, आणि गाडी हेच तिचे पाय.

धाकटीचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. थोरली त्याला चिरंजीव म्हणे. तो धापा टाकत आला, आईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि हुश्श करून म्हणाला, "आई, पाय चुकला तुझा."

"ब्रेक दाबला रे मी."

"दाबायला गेलीस, पडला ॲक्सिलरेटरवर. या वयात होतं असं."

गाडीचा पुढचा पत्रा तेवढा चेपला होता. तीच गाडी चालवत तो शहरापलीकडच्या मिस्त्रीकडे गेला आणि दुपारी रिक्षाने परत आला.

"ब्रेक एकदम कडक आहेत! नुसता पाय टेकवला की गाडी जागच्या जागी. मिस्त्रीनेही फिरवून बघितली. म्हणजे दोष गाडीत नाही." त्याने किल्ली खिशात टाकली. "आता ही माझ्याकडे राहील. मावशी, तू तरी हिला समजाव. अरे वा, शाल कडक आहे हं तुझी!"

चिरंजीवांच्या तोंडी सगळंच कडक. सिनेमा कडक, शाल कडक, मित्राचं लग्नही कडक. थोरलीने नेहमीप्रमाणे तिकडे दुर्लक्ष केलं. तिचं लक्ष बहिणीकडे होतं.

संध्याकाळी धाकटीच्या सेवाकेंद्राच्या मुख्य बाईंचा फोन आला. सोमवारी गाडी नसेल तर धाकटीचे सगळे रुग्ण दुसऱ्या परिचारिकेकडे जाणार होते. फोन ठेवून धाकटी खुर्चीत बसली.

"ताई, खरंच माझाच पाय चुकला असेल गं."

थोरलीचा हात शालीवर थबकला.

"काय म्हणालीस?"

"पाय चुकला असेल."

"सकाळी म्हणालीस, 'दाबला'. आता म्हणतेस, 'चुकला असेल'. कोर्टात साक्षीदार 'असेल' म्हणाला की न्यायाधीश पेन खाली ठेवायचे. विचारायचे, 'आहे की असेल?' सकाळचं तू सांगितलंस. हे आत्ताचं तुला दुसऱ्याने शिकवलंय."

२

रात्रभर थोरली धाकटीच्या त्या 'दगडा'ला धरून बसली. ॲक्सिलरेटर कधी दगडासारखा लागतो का? तो तर लोण्यात बोट घालावं तसा खाली जातो. म्हणजे पाय ब्रेकवरच होता. आणि ब्रेकचं तेल गळालं असतं तर पाय भसकन खाली गेला असता. ते दुखणं धाकटीच्या जुन्या गाडीला झालं होतं, तेव्हापासून थोरलीला ठाऊक होतं. इथे पाय खाली जात नव्हता, वरच अडला होता. म्हणजे यंत्र जागेवर, जोर जागेवर, आणि तरी गाडी पळत होती!

भीती वाटायची सोडून तिला चक्क हुरूप आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिला साक्षीदार मिळाले होते. शनिवारी सकाळी चहाचा शेवटचा घोट उभ्यानेच घेऊन तिने बस पकडली आणि मिस्त्रीचं गॅरेज गाठलं.

मिस्त्री निळ्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करत होता. जाडजूड, मिशाळ, आणि बोलण्यात हातोड्यासारखाच.

"ताई, ब्रेक उत्तम. मी स्वतः बघितले. मागच्या महिन्यात नवे पॅड बसलेत."

"पॅड म्हणजे?"

त्याने पुढच्या चाकाकडे बोट केलं. "चाकाबरोबर ही लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत पकडतात. जुने झिजले होते, नवे बसले."

"चांगल्यातले आहेत ना?"

"माल चांगला असेल."

पुन्हा असेल! थोरलीने मान तिरकी केली. हाच मिस्त्री मागे बॅटरी विकताना छाती ठोकून म्हणाला होता, 'आपला माल आहे, डोळे मिटून घ्या.' आज पॅड 'बसवले' म्हणत नव्हता, 'बसलेत' म्हणत होता. माल चांगला 'आहे' म्हणत नव्हता. स्वतःच्या मालाबद्दल दुकानदार कधी 'असेल' म्हणतो?

"मिस्त्री, माल तुमचा नव्हता."

हातोडा हवेतच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, आत्ता. कुणी आणला होता?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. राग दाबून ठेवलेल्या माणसाचे असतात तसे गाल फुगवले. "वीस वर्षं तुमच्या घरच्या गाड्या माझ्याकडे येतात. माझ्याकडचे पॅड काय वाईट होते? नको म्हणे. बाहेरून खोकं घेऊन आले. म्हटलं, तुमची गाडी, तुमचा माल. आत काय आहे ते वाचलंसुद्धा नाही मी. मापात बसले, लावले, विषय संपला."

"पण आणले कुणी?"

"तुमच्या बहिणीच्या चिरंजीवांनी."

३

परतीच्या बसमध्ये थोरलीला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

आईने गाडी सोडावी असं ज्या मुलाला वाटत होतं, त्याच मुलाने तिच्या ब्रेकमधली वस्तू आणली होती. आणि काल इतकं बोलला, पण त्याबद्दल चकार शब्द नाही! लहानपणी हाच पोरगा मावशीच्या कुशीत झोपायचा. छे, असं मनात आणणंही पाप. पण साक्ष ती साक्ष. नात्यातली म्हणून खोडता येत नाही.

घराच्या उतारावर तिला कुंड्यावाले दिसले. नव्या कुंड्या मांडत होते. या गृहस्थांचंही नाव तिच्या यादीत होतं. गुरुवारी संध्याकाळी ते धाकटीच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी ओणवे बसलेले तिने वरच्या खिडकीतून पाहिले होते.

"काका, माझ्या बहिणीच्या चाकाशी काय करत होता?"

कुंड्यावाले आधी लाल झाले, मग उसळले. "काय करणार? शोधत होतो! महिनाभर तुमची बहीण गाडी धुते आणि माझ्या पांढऱ्या पायरीवर काळं पाणी येतं. आधी कधी येत नव्हतं. म्हटलं, ही गाडी काजळ कुठून रडते ते तरी बघू. पुढच्या दोन चाकांवरून येतं ते. बोट लावलं तर काळी पूड!"

"महिनाभर?"

"महिनाभर. आणि वर तो आवाज! संध्याकाळी आल्या की ब्रेकची अशी किंकाळी की माझी मांजर कपाटावर."

"पण संध्याकाळी थांबते ना गाडी?"

"थांबते म्हणजे? खडूने रेघ मारावी आणि तिच्यावर थांबावी अशी थांबते. या आठवड्यात सकाळी उलट. सकाळी आवाज नाही, आणि थांबायचंही नाव नाही. परवासुद्धा वळणाच्या चांगल्या पुढे गेल्या होत्या. मी ओरडणार होतो, पण म्हटलं बाईमाणूस आहे."

"आजपर्यंत कधी आडवं आलं होतं ते तुम्हाला?"

कुंड्यावाले एकदम हसले. "बरं, ओरडलो होतो. ऐकू गेलं नसेल."

थोरली घराकडे वळली. पूड, किंकाळी, संध्याकाळी थांबते, सकाळी थांबत नाही. चिरंजीवांनी शहरभर पळवली, तेव्हा थांबली. मिस्त्रीने त्यानंतर बघितली, थांबली. सगळे साक्षीदार खरं बोलत होते आणि सगळ्यांची साक्ष एकमेकांवर आदळत होती. कोर्टात असं झालं की तिला नेहमी वाटायचं, खोटं कुणी बोलत नाहीये, प्रश्न चुकीचा विचारला जातोय.

४

घरात धाकटी गणवेशाला इस्त्री करत होती.

"सोमवारी जायचं नसेल तर इस्त्री कशाला?" थोरलीने विचारलं.

"परत द्यायचाय ना. चुरगळलेला कसा देऊ?"

तिने इस्त्री बाहीवरून फिरवली. बाही होती तशीच राहिली. पुन्हा फिरवली, सुरकुत्या ढिम्म हलेनात.

"अगं, दाब की जरा," थोरली म्हणाली.

"दाबून काय होतंय? आत्ताच लावलीय. कडक इस्त्री हवी तर आधी तापू दे तिला."

थोरली खुर्चीतून ताडकन उठली. चष्मा मांडीवरून घरंगळला.

"पुन्हा म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. शब्द न शब्द!"

"कडक इस्त्री हवी तर आधी तापू दे. ताई, बरी आहेस ना?"

"तापू दे!" थोरलीने टाळी वाजवली. "या आठवड्यात थंडी वाढली, आणि रात्रभर त्या थंडीत उभी राहिलेली गाडी. दारातून निघाली की लगेच उतार. ब्रेक गारठलेले. तू कितीही दाब, धरत नाहीत. दिवसभर शहरात फिरून तापले की संध्याकाळी रेघेवर थांबतात. तुझ्या लेकाने गाडी पळवत, करकचून ब्रेक मारत नेली. त्याच्या पायाखाली ते तापले. मिस्त्रीला मिळाले तेही तापलेले!"

"पण ब्रेक तापावे लागतात हे मी कधी ऐकलं नाही. आधीचे तर सकाळीच धरायचे."

"आधीचे वेगळे होते. हे जे बसलेत ते..." ती मधेच थांबली. तिच्या कानात शाल, सिनेमा आणि लग्न एकदम वाजलं. "हे कडक आहेत. गणवेश ठेव खाली, परत द्यायचा नाही तो. मी फोन करते तुझ्या दिवट्याला."

५

सुट्या भागांचं दुकान अरुंद होतं. छतापर्यंत खोकी रचलेली, आणि त्यांच्यामध्ये जाड भिंगांचा चष्मा लावलेला दुकानदार. थोरली भाच्याचा दंड धरून आत शिरली.

"या मुलाने महिन्यापूर्वी ब्रेक पॅड नेले होते. त्याने काय मागितलं आणि तुम्ही काय दिलं? बोललात तसंच सांगा, शब्द बदलू नका."

"मावशी, पोलीस ठाणं आहे का हे?" चिरंजीव कुजबुजले.

"तू गप्प बस. तुझी पाळी नंतर."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "आठवतं की. हे म्हणाले, 'किंमत विचारत नाही, एकदम कडक पॅड द्या.' मी म्हटलं, 'कडक म्हणजे अगदी कडक?' हे म्हणाले, 'असेल नसेल तेवढा कडक!' मग मी कडक दिले."

"म्हणजे नेमके कसे?"

"शर्यतीचे, ताई. घाटात गाड्या पळवणारी मंडळी येतात, ती हेच मागतात. यांचा घासणारा मसालाच कडक. धगधगीत तापले तरी दम सोडत नाहीत. साधे पॅड तिथे शरण येतात."

"आणि गार असताना?"

दुकानदाराने डोळे मिचकावले. "गार असताना काय धरणार ते? लाकडाच्या फळीसारखे. शर्यतवाले सुरुवातीलाच दोन फेऱ्या मारून तापवून घेतात. शिवाय किंचाळतात, तबकडी खातात, काळी पूड पाडतात. पण शर्यतीत कोण बघतंय?"

चिरंजीवांचा चेहरा बघवेना. "मला वाटलं, कडक म्हणजे भारी. एक नंबर. आईसाठी सगळ्यात भारी घ्यायचे होते. मिस्त्रीचे साधे लावले आणि काही झालं तर? म्हणून..." त्याने खिशातली किल्ली चाचपली. "भारी आणलेत हे तिला सांगितलं नाही, कारण एवढा खर्च केला म्हणून ओरडली असती. आणि अपघात झाला तेव्हा मला खात्रीच होती की चूक तिची. सगळ्यात भारी ब्रेक तर मीच बसवले होते ना!"

थोरलीच्या छातीवरचा धोंडा उतरला. भाच्याने आईचं वाईट चिंतलं नव्हतं. चांगलं चिंतलं होतं, फक्त चुकीच्या शब्दात.

"आणि गंमत बघ," ती म्हणाली, "तुझी आई जितकी सांभाळून चालवते, तितके हे ब्रेक गार राहतात. धसमुसळ्या माणसाला ते पावतात आणि शहाण्या माणसाला दगा देतात. पण माझं हे सगळं अजून 'असेल'च आहे. उद्या सकाळी 'आहे' करून दाखवू. दुकानदार, तुमची रिकामी खोकी लागतील."

६

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात अख्खं कोर्ट भरलं. मिस्त्री, दुकानदार, आणि आमंत्रण नसताना मांजरासकट आलेले कुंड्यावाले. गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली होती. थोरलीने ती चालू करू दिली नाही, ढकलतच मैदानात आणवली. समोर रिकाम्या खोक्यांची भिंत रचली.

"चालव," तिने भाच्याला सांगितलं. "आई चालवते तशी, सावकाश. आणि मी रुमाल हलवला की ब्रेक."

गाडी निघाली. धाकटी पदराचं टोक मुठीत धरून उभी. रुमाल हलला. गाडीच्या आतून आवाज आला, "अरे! अरे, अरे, अरे!" आणि निळी गाडी खोक्यांची भिंत फोडून आरपार! एक खोकं कुंड्यावाल्यांच्या पायाशी येऊन पडलं. मांजर मिस्त्रीच्या खांद्यावर.

चिरंजीव खाली उतरले. "दगड आहे दगड! मी उभा राहिलो त्याच्यावर!"

"आता तुझ्या पद्धतीने चालव. पळव आणि करकचून थांबव, पळव आणि थांबव."

तसं झाल्यावर चाकांतून जळका वास येऊ लागला. खोकी पुन्हा रचली. गाडी सुसाट आली, रुमाल हलला, आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडून ती खोक्यांपासून हातभर अलीकडे जागच्या जागी थांबली.

"हीच! हीच ती किंकाळी!" कुंड्यावाले लॉटरी लागल्यासारखे नाचले.

मिस्त्रीने चाक काढलं, पॅड निवल्यावर फडक्यात धरून बाहेर ओढला आणि पाठीमागची अक्षरं पहिल्यांदाच वाचली. मिशी खाली आली. "शर्यतीपुरता, असं छापलंय. मी रागारागात बघितलंच नाही, ताई. माझी चूक. आणि तबकडीवर बघा, खरवडून ठेवलीय. घासून घ्यावी लागेल."

चिरंजीव आईपुढे गेले. खिशातून किल्ली काढली.

"आई, तुझा पाय चुकला नव्हता."

"चुकला नसेल की चुकला नव्हता?" धाकटीने विचारलं. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

"नव्हता. नव्हता गं, नव्हता."

तिथून सगळे दुकानात गेले. दुकानदाराने तीन खोकी मांडली आणि या वेळी आधी विचारलं, "बाई, गाडी कुठे चालवता, कशी चालवता?"

"हा प्रश्न तेव्हा विचारला असतात तर गुलाब वाचले असते," कुंड्यावाले म्हणाले.

"शहरात," धाकटी म्हणाली. "सकाळी थंडीत निघते, सारखी थांबते, कधी पळवत नाही. मला पहिल्या दाबाला धरणारे हवेत. आणि रुग्णांच्या दारात किंचाळत जायचं नाही मला. आधीच बिचारे घाबरलेले असतात."

त्याने एक खोकं बाजूला सारलं. "यात धातूचा कीस जास्त. जड गाड्यांना, डोंगरात ठीक, पण आवाज आणि पूड. हे दुसरे मऊ. गार असताना छान धरतात, पण झिजतात लवकर. हे तिसरे चिनीमातीच्या जातीचे, सिरॅमिक. थंडीत धरतात, गप्प राहतात, पूड कमी. महाग आहेत जरा."

"हे तिसरे," धाकटीने खोकं स्वतः उचललं. चिरंजीवांनी तोंड उघडलं.

"काही बोलू नकोस," मावशी म्हणाली.

"मी फक्त चांगले आहेत म्हणणार होतो!"

मिस्त्रीने त्याच दुपारी तबकडी घासली, पॅड बसवले, आणि नवे पॅड तबकडीला रुळावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर हलक्या दाबांनी गाडी फिरवून आणली. सोमवारी सकाळी थोरली वरच्या खिडकीत उभी राहिली. कडक इस्त्रीच्या गणवेशात धाकटी उतारावरून खाली गेली, वळणावर अलगद थांबली, आणि शहरात निघून गेली. आवाज म्हणून आला नाही.

पुढे मिस्त्री बाहेरचा माल बसवत राहिला, पण आधी खोकं गिऱ्हाइकाकडूनच मोठ्याने वाचून घ्यायचा. सुट्या भागांच्या दुकानात पाटी लागली, 'कडक म्हणू नका, काम सांगा.' दुकानदार गेला, त्याच्या मुलीने दुकान वाढवलं, पाटी अजून आहे. कुंड्यावाल्यांच्या मांडीचं हाड काही वर्षांनी मोडलं आणि ते धाकटीचे रुग्ण झाले. तिची गाडी दारात येते ते कळतच नाही, अशी त्यांची शेवटपर्यंत तक्रार होती. चिरंजीवांनी कडक हा शब्द सोडला तो सोडलाच. आता त्याची मुलगी प्रत्येक गोष्टीला कडक म्हणते आणि तो दर वेळी दचकतो. निळी गाडी भंगारात गेली, तेव्हा धाकटीने तिचं स्टिअरिंग ठेवून घेतलं. ती निवृत्त झाली, पण गाडी सोडली नाही.

थोरली आता फार थकली आहे. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. धाकटीने तिला गाडीत बसवलं, पट्टा लावला, आणि स्टिअरिंगमागे येऊन बसत विचारलं, "ताई, नीट बसलीस ना?"

"बसले असेन."

धाकटीने किल्ली फिरवली नाही. वळून बघत राहिली.

"बसले," थोरली म्हणाली, आणि गाडी उतारावर निघाली.